बर्फावरचा नारिंगी डाग

सकाळी सातला मोटारसायकल बंद करते तेव्हा
त्सेरेनपिलची कुत्री आधी भुंकून घेतात, मग ओळखतात.
उणे एकवीस. गेरच्या धुराड्यातून शेण्यांचा धूर सरळ वर.
आत तो चहा उकळत बसलेला, खारट, दुधाळ,
आणि पाहुण्याला आधी चहा हा स्टेपवरचा कायदा
माझ्या वहीतल्या कायद्याला आडवा जातो.

आधी गोळ्या, मी म्हणते. रिकाम्या पोटी. चहा तासाभरानं.
"तासभरात मेंढ्या टेकडीपार जातील, नारमंदाख."
जाऊ देत.
दूध-लोणी पुढे गेलं की औषध दारातच खोळंबतं,
आत शिरतं उशिरा, आणि कमीच.

चार गोळ्या, वाळलेल्या रक्ताच्या रंगाच्या.
तो गिळतो. मी जीभ वर करायला लावते.
साठीच्या माणसाला असं सांगताना
मी घड्याळाकडे बघते.

मग तो तास भरून काढायला सांगत बसते:
पोटातून आतडं, आतड्यातून पहिला मुक्काम यकृत.
तिथे जकात. थोडा माल तिथेच कापला जातो.
उरलेलं रक्तात उतरतं, आणि रक्त काही निवडत नाही,
गुडघ्यात नेतं, कानाच्या पाळीत नेतं,
जिथे काहीच दुखत नाही तिथेही नेतं.
त्यातलं चिमूटभर पोचतं फुप्फुसातल्या त्या पोकळीत
जिथे जंतू स्वतःची नक्कल उतरवत बसलाय.
औषध फक्त त्याची लेखणी धरून ठेवतं.
"आणि सोडली की?"
सोडली की तो पुन्हा लिहायला लागतो.

तीन तासांत निम्मं उरतं. आणखी तीनात निम्म्याचं निम्मं.
तो हसला. हे गणित त्याला कुणी शिकवायला नको होतं:
एका झुदमध्ये निम्मा कळप गेला,
पुढच्यात उरलेल्यातला निम्मा.
"पण शून्य कधीच होत नाही," तो म्हणाला,
"एखादी म्हातारी मेंढी उरतेच."
उरते. पण तिच्या जिवावर हिवाळा निघत नाही.

पहिल्याच दुपारी तो पट्टा हातात धरून धावत आला होता.
गेरमागे बर्फावर नारिंगी डाग.
रक्त नाही, मी म्हणाले, हे औषध निघालंय घरी.
बरंचसं पित्तातून जातं, थोडं मूत्रपिंडातून,
घामातूनही, डोळ्यांतूनही.
"म्हणजे रडलो तर?"
तर शर्ट खराब होईल.

दुसऱ्या आठवड्यात यकृत धंद्यात तरबेज झालं,
जकात वाढली, आणि त्या घाईत
त्याची रक्तदाबाची गोळीही बिचारी भरडली गेली.
जिल्ह्याच्या डॉक्टरला फोन लावला, टेकडीवर चढून,
जिथे रेंजची एक काडी मिळते.

महिनाभरानं मी जीभ बघणं सोडलं. लाज वाटायची.
माणूस चांगला, खोकला थांबलेला, गाल भरलेले.
आणि फेब्रुवारीत एका सकाळी
कुत्री भुंकायला गेरमागे पळाली, मी त्यांच्या मागे,
तर बर्फ पिवळट, साधं,
कुणाही निरोगी माणसामागे असतं तसं.

मी काही बोलले नाही. तोही नाही.
खोगिराच्या शिवणीतून त्यानं काढून दिल्या:
अकरा दिवसांच्या, एकमेकींना चिकटलेल्या.
"बरा झालो होतो ना," म्हणाला.
त्याच्या डोळ्यांतून आलं ते पाणी
अगदी स्वच्छ होतं.
मी ते वहीत लिहिलं, आणि माझी चूकही लिहिली.

पुन्हा जीभ. पुन्हा तास. पुन्हा थुंकी डबीतून जिल्ह्याला.

शेवटची गोळी मेमध्ये, एका उशिराच्या बर्फात.
दोन दिवसांनी मुद्दाम वाट वाकडी करून गेले.
गेरमागे जाऊन बघितलं, चोरासारखं.
रंग नव्हता.
आत आल्याआल्या त्यानं वाटी हातात दिली,
वाफाळती, लोण्याचा थेंब तरंगणारी.
मी आधी घड्याळाकडे बघितलं.
"पी," तो म्हणाला. "निवेल."